लॅपटॉपसाठी डोंगल निवडताना: आधी रेंज, मग बँड, शेवटी वेग

मोबाइल नेटवर्कवरून लॅपटॉपला इंटरनेट पुरवणारे यूएसबी मोडेम, ज्याला आपण सरसकट डोंगल म्हणतो, ते विकत घेताना बहुतेक ग्राहक खोक्यावर छापलेला वेग आणि किंमत या दोनच गोष्टी पाहतात. मराठवाड्यात हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर शहरात राहणाऱ्याला कोणत्याही कंपनीचे सिम आणि कोणतेही बरे डोंगल चालून जाते. परंतु बालाघाटाच्या रांगेतील एखादी वाडी, अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेला सोयगाव-कन्नडचा भाग किंवा किनवट-माहूरचा जंगलपट्टा येथे राहणाऱ्याला एखाद्याच टॉवरवर भागवावे लागते आणि त्या टॉवरवरून येणारा बँड (सिग्नलची ठरावीक वारंवारता) डोंगलला पकडता येत नसेल, तर खोक्यावर लिहिलेल्या १५० एमबीपीएसला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून आपण जिथे बसून काम करणार आहोत तिथली रेंज आधी मोजावी, ती कोणत्या बँडवर येते ते पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

डोंगल खरोखर हवे आहे का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर काही वाचकांचे पैसे इथेच वाचतील. ज्याला दिवसातून तासाभरासाठी लॅपटॉपवर नेट लागते, त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. त्यातही वायफाय हॉटस्पॉटऐवजी फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, तर फोन चार्जही होत राहतो आणि तापतोही कमी. मात्र दिवसभर काम चालणार असेल, कामाच्या मध्येच फोन येत असतील, किंवा घरातील फोन सायंकाळी दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर नेटसाठी स्वतंत्र साधन आणि स्वतंत्र सिम असणे सोयीचे ठरते. घरून नोकरी करणारे, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, पीक विम्याचे अर्ज भरून देणारे आणि ऑनलाइन परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी यांची गरज बहुधा याच प्रकारची असते.

स्वतंत्र साधनांतही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लॅपटॉपच्या पोर्टमध्ये खोचायचे साधे डोंगल आणि दुसरे म्हणजे स्वतःची बॅटरी असलेले, वायफाय देणारे खिशातले हॉटस्पॉट, उदाहरणार्थ जिओफाय. घरात दोन-तीन लॅपटॉप असतील, तर हॉटस्पॉट बरे. त्याचा आणखी एक फायदा असा की, ते रेंज असलेल्या खिडकीत किंवा माळवदावर ठेवून आपण आतल्या खोलीत बसू शकतो. त्याची बॅटरी मात्र वर्षा-दोन वर्षांत कमजोर होते आणि उन्हाळ्यात ती फुगण्याची भीती असते. काही डोंगलांमध्ये वायफायही असते. अशा डोंगलला मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर लावून तो दुसरा उपयोगही साधता येतो. एकट्यासाठी, एकाच लॅपटॉपसाठी आणि दीर्घकाळ वापरासाठी मी बॅटरी नसलेल्या डोंगलाचीच शिफारस करतो, कारण त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात.

भारनियमनाचा विचार येथे अवश्य करावा. वीज गेली की घरातील ब्रॉडबँडचा राउटर इन्व्हर्टर नसल्यास लगेच बंद पडतो. डोंगल मात्र लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज मिळते, म्हणजे डोंगल फार तर अडीच वॅट घेते आणि तेवढ्याने लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते. परंतु आपल्या गावचा टॉवर वीज गेल्यावर किती वेळ चालू राहतो, हे त्याच्या बॅटरीवर आणि डिझेलवर अवलंबून असते. वीज गेल्यानंतर कोणत्या कंपनीची रेंज टिकते आणि कोणाची अर्ध्या तासात जाते, हे शेजाऱ्यांना विचारले तर अचूक कळते आणि ही माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

बसायच्या जागेवरची रेंज मोजणे

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्यांवर विसंबू नये. चार काड्या कधी दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. त्याऐवजी रेंजचा आकडा पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलची शक्ती डीबीएम या एककात दिसते. पुष्कळ फोनमध्ये *#*#४६३६#*#* हा क्रमांक इंग्रजी अंकांत डायल केल्यावर तपासणीचे पान उघडते. ४जीसाठी आरएसआरपी नावाचा, टॉवरवरून येणाऱ्या सिग्नलची शक्ती सांगणारा आकडा पाहायचा असतो आणि तो उणे असतो, त्यामुळे उणे ८५ हा उणे १०५ पेक्षा चांगला. उणे ९० किंवा त्याहून बरा असेल, तर निश्चिंत राहावे. उणे १०५ पर्यंत काम भागते. उणे ११० च्या पलीकडे गेला, तर व्हिडिओ बैठक अडखळू लागते. या मापात १० चा फरक म्हणजे सिग्नलच्या शक्तीत दहा पटींचा फरक, हे लक्षात ठेवल्यास खोलीतल्या खोलीत जागा बदलण्याचे महत्त्व ध्यानात येईल.

मराठवाड्यातील घरांच्या बांधणीचा या आकड्यावर फार मोठा परिणाम होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद असलेल्या जुन्या घरात ओसरीवर रेंज भरपूर असते आणि माजघरात शिरताच ती उतरते. पत्र्याच्या खोलीची अडचण वेगळी आहे: धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो, त्यामुळे वरून आणि पत्र्याच्या भिंतींतून काहीच येत नाही आणि सिग्नलला आत यायला दार-खिडकीचाच मार्ग राहतो. अशा खोलीत टेबल खिडकीपाशी सरकवले किंवा एक-दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने डोंगल खिडकीच्या गजाला बांधले, तर उणे ११० चा आकडा शंभरच्या अलीकडे आलेला सहज पाहायला मिळतो. महागडे डोंगल घेण्याआधी ही केबल घ्यावी. केबल चांगल्या प्रतीची आणि शक्य तितकी आखूड असावी. लांब आणि बारीक तारेच्या केबलमधून डोंगलला पुरेशी वीज पोहोचत नाही आणि ते मध्येच बंद-चालू होत राहते.

रेंज आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचीही तपासणी करावी. ज्या कंपन्यांचा विचार करायचा आहे त्यांची सिमे घरातल्या, शेजारच्या किंवा मित्राच्या फोनमध्ये असतातच. ते फोन आपल्या बसायच्या जागी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान वेग मोजावा. ट्राय या दूरसंचार नियामकाचे मायस्पीड हे ॲप त्यासाठी चालते. सकाळी उत्तम वेग देणारा टॉवर रात्री सगळे गाव मोबाइल उघडून बसले की मंदावतो आणि नोकरी परदेशी वेळेनुसार असेल, तर नेमकी हीच वेळ कामाची असते. डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही पाहावा, कारण व्हिडिओ बैठकीत आपला चेहरा आणि आवाज अपलोडवरच जातो. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस स्थिर वेग पुरतो. एरवी पन्नास आणि मध्येच शून्य होणाऱ्या वेगापेक्षा सतत सहा मिळणे कितीतरी चांगले. आसपास कोणाचे टॉवर कोठे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर नकाशासह पाहता येते.

बँड: निवडीचा खरा कस येथे लागतो

प्रत्येक कंपनीला ठरावीक वारंवारता, म्हणजेच बँड, मिळालेले आहेत आणि प्रत्येक डोंगलला ठरावीकच बँड समजतात. या दोहोंचा मेळ बसला नाही, तर फोनमध्ये भरपूर रेंज दाखवणारे तेच सिम डोंगलमध्ये ‘सेवा उपलब्ध नाही’ असे दाखवते. यात सिमचा दोष नसतो आणि टॉवरचाही नसतो.

भारतात ४जीसाठी वापरले जाणारे मुख्य बँड असे: बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१००, बँड ४० म्हणजे २३०० आणि बँड ४१ म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान, तितकी लहर दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते. आकडा जितका मोठा, तितका जवळून वेग जास्त मिळण्याची शक्यता, पण पोहोच कमी. दूरच्या मिरवणुकीतल्या ढोलाचा घुमारा घरात बसून ऐकू येतो आणि हलगीचा कडकडाट मात्र जवळ गेल्यावरच कळतो, तसेच हे आहे. गावाबाहेरच्या शेतवस्तीवर जे काही पोहोचते ते बहुधा कमी मेगाहर्ट्झच्या बँडवरच पोहोचते आणि स्वस्त डोंगलांमध्ये नेमके हेच बँड गाळलेले आढळतात.

जिओची ४जी सेवा बँड ३, ५ आणि ४० वर चालते. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून या कंपनीकडे २जी किंवा ३जी नाहीच, त्यामुळे डोंगलला यांपैकी एकही बँड मिळाला नाही, तर मागे सरकायला जागा नसते. शहरात बँड ३ आणि ४० असलेले डोंगल जिओवर चालेल; वाडीवर मात्र बँड ५ नसलेले डोंगल घेऊ नये. एअरटेलचा भर १८०० आणि २३०० वर असून ९०० आणि २१०० चाही वापर होतो. व्हीआयकडे ९००, १८००, २१०० आणि २५०० आहेत. दूरसंचार मंडळानुसार, म्हणजे टेलिकॉम सर्कलनुसार, हे प्रमाण बदलते. मराठवाडा दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून झालेल्या मंडळात येतो, म्हणून मुंबईच्या मित्राचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करू नये.

बीएसएनएलबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील कित्येक दुर्गम गावांत आजही याच कंपनीचा आधार आहे. स्वदेशी तंत्रज्ञानावर उभारलेल्या बीएसएनएलच्या ४जी जाळ्याचे राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले आणि ही सेवा प्रामुख्याने ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ आणि बँड १ वर दिली जाते. बाजारात मिळणाऱ्या अनेक डोंगलांना बँड २८ समजत नाही. बीएसएनएलचे सिम वापरायचे असेल, तर तांत्रिक माहितीत बँड २८ स्पष्ट लिहिलेला असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘सर्व सिम चालतात’ हे खोक्यावरचे वाक्य त्यासाठी पुरेसे नाही.

एकाच नावाच्या डोंगलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, ही आणखी एक मेख. ह्युवेईचे ई३३७२ हे डोंगल वर्षानुवर्षे लोकप्रिय आहे. परंतु त्याच्या एच-१५३ या युरोपसाठीच्या आवृत्तीत बँड ४० नाही आणि बँड २८ नाही, तर एच-६०७ या आवृत्तीत हे दोन्ही आहेत. बँड ५ वर ४जी मात्र दोहोंतही नाही. म्हणजे जाहिरातीत फक्त ‘ई३३७२’ एवढेच लिहिले असेल, तर आपण नेमके काय घेत आहोत हे ठरतच नाही. डोंगलचे झाकण काढल्यावर आत चिकटवलेल्या पट्टीवर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि आयएमईआय (त्या साधनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) छापलेला असतो; मॉडेल क्रमांक वाचून त्या मॉडेलचे बँड शोधावेत आणि आपल्या गरजेच्या यादीशी ताडून पाहावेत. ही यादी कागदावर लिहून खिशात ठेवल्यास दुकानात गोंधळ होत नाही.

घरातील खणात पडून असलेली जुनी पांढरी डोंगले पुन्हा कामाला येतील का, असे अनेक जण विचारतात. टाटा फोटॉन आणि रिलायन्स नेटकनेक्ट यांची साधने सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्राची होती आणि ती सेवाच बंद झालेली आहे. निव्वळ ३जीचे डोंगलही आता घेऊ नये. एअरटेलने आपले ३जी जाळे २०२० पर्यंत बंद केले आणि इतरांचाही प्रवास त्याच दिशेने आहे. कोणी भेट म्हणून दिले, तरी त्यावर रिचार्ज करू नये.

५जीबाबत माझा सल्ला सध्या थांबण्याचा आहे. देशात ५जीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली, पण ५जीचे यूएसबी मोडेम ४जीच्या मानाने फारच महाग आहेत, आणि फोनवर ५जी मिळते तेथे फोनचाच हॉटस्पॉट वापरणे परवडते. काही स्वस्त साधनांवर ठळक ‘५जी’ छापलेले असते आणि बारीक अक्षरांत ते ५ गीगाहर्ट्झच्या वायफायबद्दल असते. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा संबंध नाही.

डोंगलची अंतर्गत घडण

१५० एमबीपीएस हा आकडा ४जी मोडेमच्या कॅटेगरी ४ या प्रकाराचा कागदावरील कमाल वेग आहे. कॅटेगरी ६ चा ३००. आपल्याला लागणारा वेग याच्या कितीतरी खाली असल्याने कॅटेगरी ४ पुरेशी समजावी आणि वाचलेले पैसे बाहेरचा अँटेना लावण्याची सोय असलेल्या डोंगलवर घालावेत. ही सोय असलेल्या डोंगलच्या कडेला रबरी झाकणाखाली मोहरीएवढी दोन गोल छिद्रे असतात. त्यांना सीआरसी९ किंवा टीएस९ म्हणतात, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी असतात आणि अँटेना घेताना आपल्या डोंगलला कोणते लागते हे तपासावेच लागते. टॉवर लांब पण सरळ नजरेत असेल, तर गच्चीवर लावलेला एका दिशेचा अँटेना मोठा फरक पाडतो. अँटेनाची तार मात्र आखूड ठेवावी, कारण लांब तारेत मिळवलेले बरेचसे गमावले जाते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे डोंगल लॅपटॉपशी कसे बोलते. नव्या पद्धतीची डोंगले लॅपटॉपला एखाद्या नेटवर्क कार्डासारखी दिसतात आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता इंग्रजी अंकांत टाकला की त्यांचे पान उघडते. सिमची माहिती, आलेले एसएमएस, रेंजचा आकडा आणि खर्च झालेला डेटा तेथेच दिसतो. जुन्या पद्धतीची डोंगले आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उघडतात, त्यातून सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि मग ‘कनेक्ट’ दाबावे लागते. हे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर कधी चालते, कधी नाही. मॅकवर तर बहुधा नाहीच, कारण २०१९ च्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीपासून ३२-बिट प्रोग्रॅम तेथे बंद झाले. लिनक्स वापरणाऱ्यांना दोन्ही प्रकार सहसा चालतात. पर्याय असेल तेव्हा स्वतःचे पान असलेले नव्या पद्धतीचेच डोंगल घ्यावे.

उष्णता हा आपल्या भागातील मुद्दा वेगळा सांगावा लागतो. मे महिन्यात पत्र्याखाली बसून तासन्‌तास चालणारे डोंगल हाताला चटका बसेल इतके तापते आणि तापल्यावर वेग कमी करते किंवा संपर्क तोडते. ज्या डोंगलच्या अंगावर हवेसाठी फटी नाहीत आणि जे हातात घेतल्यावर अगदी हलके लागते, ते टाळलेले बरे. एक्स्टेन्शन केबलचा येथेही फायदा होतो, कारण लॅपटॉपच्या पंख्याची गरम हवा डोंगलला लागत नाही.

दुकानात

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेट परिसरातील दुकानांत जा किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरात, आपला लॅपटॉप आणि आपले सिम सोबत न्यावे. दुकानदाराच्या सिमवर आणि त्याच्या संगणकावर चाललेले डोंगल आपल्या घरी चालेलच असे नाही. एखाद्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेले डोंगल त्या कंपनीच्या सिमपुरते बांधलेले असू शकते. सिम बदलल्यावर ते अनलॉक कोड मागू लागले, तर परत करावे, कोड मिळवून देतो या आश्वासनावर घेऊ नये. जुने डोंगल घेत असल्यास पट्टीवरील आयएमईआय आणि डोंगलच्या पानावर दिसणारा आयएमईआय एकच आहे का, हे पडताळावे. पानाचा मूळ पासवर्ड घरी आल्याबरोबर बदलावा.

सिम घालताना एक काळजी घ्यावी. पुष्कळ डोंगलांचा खाचा मोठ्या सिमसाठी असतो आणि आपले सिम नॅनो असते, म्हणून प्लास्टिकची चौकट लागते. रिकामी चौकट कधीही खाच्यात घालू नये आणि सिम चौकटीत सैल असेल, तर मागून पातळ चिकटपट्टी लावावी. नाहीतर सिम निसटते, चौकटीची कड आतील बारीक पिनांना अडकते आणि ओढताना पिना वाकतात.

सिम, रिचार्ज आणि पहिला आठवडा

बँक आणि आधारशी जोडलेला क्रमांक डोंगलमध्ये अडकवू नये, कारण ओटीपी वेळेवर हाती येणे महत्त्वाचे आहे. डोंगलसाठी वेगळे सिम घ्यावे. रोज दीड-दोन जीबी देणारे पॅक फोनसाठी ठीक असतात. लॅपटॉपवर एका तासाची व्हिडिओ बैठक अर्धा ते दीड जीबी खाते आणि दिवसाची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसच्या आसपास येतो, ज्यावर साधे ई-मेलही उघडत नाही. म्हणून रोजच्या मर्यादेऐवजी महिन्याला एकत्रित डेटा देणारा पॅक पाहावा. पुष्कळ डेटा व्हाउचर मूळ पॅक चालू असेल तरच लागू होतात, हेही आधी विचारून घ्यावे. विंडोजमध्ये या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवल्यास मोठी अपडेट आपोआप उतरत नाहीत. केवळ परीक्षेच्या किंवा अर्ज भरण्याच्या हंगामात डोंगल वापरणाऱ्यांनी मधल्या काळातही सिमचा थोडा वापर ठेवावा, कारण सलग ९० दिवस काहीच वापर नसलेले सिम कंपनी बंद करू शकते.

डोंगल सिम ओळखते, पण नेट चालत नाही, असे झाले तर बहुधा एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडून देणारे नाव, चुकलेले असते. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, डोंगलच्या पानावरील प्रोफाइलमध्ये भरून जतन करावेत आणि डोंगल काढून पुन्हा लावावे. नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता ‘फक्त ४जी’ अशी केल्यास कमजोर रेंजमध्ये ते २जीवर घसरत नाही.

दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे, त्यावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते तेथेच ठरवावे. त्या मुदतीत डोंगल किमान एकदा रात्रीच्या गर्दीच्या वेळी, एकदा वीज गेलेली असताना आणि एकदा सलग दोन-तीन तासांच्या व्हिडिओ कामासाठी वापरून पाहावे, प्रत्येक वेळी आरएसआरपीचा आकडा आणि वेग टिपून ठेवावा, आणि फोनवर त्याच जागी त्याच सिमने मिळालेल्या आकड्यांपेक्षा डोंगलचे आकडे सातत्याने वाईट येत असतील, तर मुदत संपण्याआधी ते परत करून दुसऱ्या मॉडेलचे मागावे.